भाग ३८ : गाणी सापडतात, यादी हरवते – स्पॅनिश रॉकची कम्पायलेशन्स फोनमध्ये जमवताना

(हा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा प्रवासात नेटवर्क सारखं जात असेल, तर हा लिहून काढलेला मजकूर वाचा. बोलताना मी मारलेले फेरे थोडे कापलेत, बाकी तसंच ठेवलंय.)



झालं असं की मागच्या आठवड्यात मी स्टोरीला माझ्या फोनचा एक स्क्रीनशॉट टाकला. दाखवायचं होतं बॅटरीबद्दल काहीतरी, पण मागे म्युझिक ॲप उघडं होतं. त्यात सगळ्यात वर एक नाव दिसत होतं, 'वारिओस आर्तिस्तास', आणि त्याच्यासमोर लिहिलं होतं २०६ अल्बम. बॅटरी राहिली बाजूला, सगळ्यांचा एकच प्रश्न: अरे, हा वारिओस कोण? एका माणसाने २०६ अल्बम काढले?

तर मंडळी, वारिओस आर्तिस्तास नावाचा कुणी गायक नाही. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'विविध कलाकार'. आपल्याकडे कॅसेटच्या कव्हरवर असायचं ना, तसंच. माझ्याकडे स्पॅनिश भाषेतल्या रॉकची कम्पायलेशन्स आहेत, म्हणजे वेगवेगळ्या बँडची गाणी एकत्र करून काढलेले अल्बम. गेली पाच वर्षं मी ते डिजिटल स्वरूपात जमवतोय. आजचा भाग त्याबद्दल. हे रॉक आलं कुठून, त्यात कम्पायलेशनला एवढं महत्त्व का, ॲपवर सगळं असताना जमवायचं कशाला, आणि जमवायचं तर नीट कसं. शेवटी मी केलेली एक मोठी चूकही सांगणार आहे. ती ऐकून तुमच्यापैकी एकाने जरी आज रात्री बॅकअप घेतला तरी भाग कामी आला म्हणेन.

आधी इतिहास, पण थोडक्यात

स्पॅनिशमध्ये रॉक गायची सुरुवात जुनी आहे. १९६० च्या आसपास मेक्सिकोत लोस तीन टॉप्ससारखे बँड अमेरिकन रॉक अँड रोलची गाणी स्पॅनिश शब्द घालून गायचे. चाल तीच, शब्द आपले. अर्जेंटिनात १९६७ साली लोस गातोस या बँडचं 'ला बाल्सा' आलं आणि प्रचंड चाललं. तिथल्या स्वतंत्र, स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या रॉकची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात.

पण पुढची गोष्ट सरळ नाही. मेक्सिकोत सप्टेंबर १९७१ मध्ये आवान्दारो नावाच्या ठिकाणी मोठा रॉक महोत्सव झाला. तरुणांची एवढी गर्दी जमलेली बघून सरकार आणि वर्तमानपत्रं दोघंही हादरली. त्यानंतर रेडिओवरून आणि मोठ्या कार्यक्रमांतून रॉक जवळजवळ हद्दपारच झालं. मग ते वाजायला लागलं गोदामांत, जुन्या हॉलमध्ये, शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये. या जागांना तिथे 'ओयोस फोंकीस' म्हणायचे. 'ओयो' म्हणजे भोक किंवा बीळ.

रेडिओवर नाही, दुकानात नाही, तर गाणी मिळणार कुठे? १९८० साली मेक्सिको सिटीत चोपो संग्रहालयाच्या आवारात रेकॉर्ड आणि कॅसेटच्या अदलाबदलीचा बाजार सुरू झाला. पुढे तो रस्त्यावर आला आणि आजही दर शनिवारी भरतो. लोक आपल्याकडची रेकॉर्ड घेऊन यायचे आणि बदल्यात दुसरी घेऊन जायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्जेंटिनात उलटं घडलं, आणि तेही भलत्याच कारणाने. १९८२ मध्ये मालविनास बेटांवरून ब्रिटनशी युद्ध सुरू झालं. तिथल्या लष्करी राजवटीला रेडिओवर शत्रूच्या भाषेतली गाणी नको होती. इंग्रजी गाणी बंद. मग रेडिओवाले लावणार काय? ज्या स्थानिक रॉकवाल्यांकडे सरकार इतकी वर्षं संशयाने बघत होतं, त्यांचीच गाणी दिवसभर वाजायला लागली. युद्ध जूनमध्ये संपलं, पण तोवर लोकांना सवय लागली होती. त्याच वर्षी ब्युनॉस आयरिसमध्ये तीन पोरांनी एक बँड काढला, सोडा स्टिरिओ. गुस्तावो सेराती, झेता बोसियो आणि चार्ली आल्बेर्ती. पुढच्या दहा वर्षांत हा बँड अख्ख्या लॅटिन अमेरिकेत पोचला.

स्पेनमध्ये १९७५ साली हुकूमशहा फ्रँको गेला आणि माद्रिदमध्ये 'ला मोविदा' नावाची तरुणांची लाट आली. चिलीत पिनोशेच्या हुकूमशाहीत लोस प्रिसिओनेरोस, म्हणजे 'कैदी', या नावाचा बँड उभा राहिला. नाव ठेवायची हिंमत बघा! त्यांचं १९८६ चं 'एल बाइले दे लोस के सोब्रान', म्हणजे 'उरलेल्यांचा नाच', हे शाळा संपवून बेकार फिरणाऱ्या पोरांबद्दलचं गाणं. २०१९ च्या चिलीतल्या आंदोलनात तेच गाणं लोक रस्त्यावर गात होते. तेहतीस वर्षांनी!

मग कम्पायलेशन कुठून आलं?

आता बघा, चार देश, चार वेगळ्या कहाण्या. ब्युनॉस आयरिसच्या पोराला मेक्सिकोतला बँड माहीत नाही, मेक्सिकोतल्याला माद्रिदचा माहीत नाही. भाषा एक, पण बाजार वेगळे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोत बीएमजी आरिओला या कंपनीने एक मोहीम काढली: 'रॉक एन तू इदिओमा'. म्हणजे 'तुझ्या भाषेतलं रॉक'. त्या नावाने कम्पायलेशन्स निघाली. अर्जेंटिनाचे मिगेल मातेओस आणि एनानितोस वेर्देस, स्पेनचा रादिओ फुतुरा, मेक्सिकोचा काइफानेस, अशी नावं या मोहिमेमुळे एका छत्राखाली आली. हा धंदाच होता, त्यात शंका नाही. कंपनीला आधीच रेकॉर्ड झालेली गाणी पुन्हा विकायची होती. पण परिणाम काय झाला? ऐकणाऱ्याला एका कॅसेटमध्ये तीन देश भेटले. ही सगळी मिळून एकच गोष्ट आहे, हे लोकांना बँडकडून कळायच्या आधी कम्पायलेशनकडून कळलं.

म्हणून मी म्हणतो की या संगीतात कम्पायलेशन म्हणजे उरलंसुरलं एकत्र बांधलेलं गाठोडं नव्हे. कुठलं गाणं घेतलं, कुठलं सोडलं, कुणाच्या मागे कुणाला ठेवलं, त्या यादीत त्या वर्षाचा इतिहास असतो.

आणखी एक उदाहरण. अर्जेंटिनाचा लोस फाबुलोसोस कॅडिलॅक्स हा बँड. १९९३ मध्ये त्यांचा 'वासोस वासिओस' निघाला, म्हणजे 'रिकामे ग्लास'. हा त्यांच्या जुन्या गाण्यांचा संग्रह. त्यात सालसाची सम्राज्ञी सेलिया क्रूझसोबतचं गाणंही आहे. पण या संग्रहात दोन नवी गाणी टाकली होती, त्यातलं एक 'मातादोर'. राजकीय दडपशाहीवरचं गाणं, आणि ढोल असे की बसवत नाही! तेच बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला एमटीव्ही लॅटिन अमेरिका सुरू झालं, आणि पहिला व्हिडिओ लागला तो लोस प्रिसिओनेरोसचा. ज्यांनी 'कम्पायलेशन काय ऐकायचं, मूळ अल्बम ऐकावेत' असं म्हणून 'वासोस वासिओस' बाजूला ठेवला असेल, त्यांना 'मातादोर' त्या बँडच्या आधीच्या कुठल्याच अल्बममध्ये सापडलं नसतं.

आणि ज्यांना वाटतंय की आपला या सगळ्याशी काय संबंध, त्यांच्यासाठी: गुस्तावो सांताओलाया हे नाव ऐकलंय? हा अर्जेंटिनाचा रॉकवाला. मेक्सिकोच्या काफे ताकूबा आणि मालदिता वेसिंदाद या बँडचे गाजलेले अल्बम त्याच्या हाताखाली तयार झाले. पुढे 'ब्रोकबॅक माउंटन' आणि 'बाबेल' या सिनेमांच्या संगीतासाठी दोन ऑस्कर. 'द लास्ट ऑफ अस' खेळलात तर तुम्ही त्याची गिटार तासन्‌तास ऐकलीय. आणि किरण रावचा 'धोबी घाट' बघितलात, त्या मुंबईच्या पावसामागचं संगीत? तेही त्याचंच. २०२० मध्ये लॅटिन अमेरिकन रॉकवर 'रोम्पान तोदो' नावाची सहा भागांची मालिका नेटफ्लिक्सवर आली, तिचा निर्मातासुद्धा तोच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती सुरुवात चांगली आहे.

'ॲपवर आहे ना सगळं, मग कशाला?'

हा प्रश्न मला घरचेसुद्धा विचारतात. उत्तर असं.

एका बँडचा अल्बम असतो तेव्हा हक्क साधारण एका कंपनीकडे असतात. कम्पायलेशनमध्ये अठरा गाणी असतील तर कधीकधी सात-आठ मालकांकडून परवानगी घेतलेली असते. ती बऱ्याचदा ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक देशांसाठी असते. छापलेली सीडी एकदा विकली की विकली, ती कुणाच्या तरी कपाटात राहते. पण ॲपवर गाणं आज वाजायचं असेल तर परवानगी आज जिवंत पाहिजे. एकाची मुदत संपली की ते एक गाणं करडं होतं. दोघा-तिघांची संपली की अख्खा अल्बम गायब. त्यात कंपन्याही विकल्या जातात. बीएमजीचंच बघा: २००४ मध्ये सोनीबरोबर एकत्र झाली, २००८ मध्ये सोनीने तो सगळा भाग विकत घेतला. जुने करार मग कुणीतरी परत उघडून बघावे लागतात, आणि १९८० च्या दशकातल्या एखाद्या कॅसेटसाठी तेवढा वेळ कुणी काढत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव तेच, गाणं वेगळं. ॲपवरच्या बऱ्याच 'सर्वोत्कृष्ट' याद्यांमध्ये मूळ रेकॉर्डिंग नसतं, नंतर परत गाऊन घेतलेलं असतं. किंवा मूळच असतं, पण नवीन मास्टरिंग करून आवाज इतका वर चढवलेला असतो की ड्रमचा ठोका आणि गुणगुणणं एकाच पातळीवर येतं. गाण्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला एक बारा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, आयएसआरसी. दोन फाइलींचे क्रमांक जुळले तर रेकॉर्डिंग तेच. ॲपमध्ये हा क्रमांक सहसा दिसत नाही, संग्रहात मात्र मी तो लिहून ठेवतो.

आता 'सगळा फोल्डर ड्राइव्हवर टाक ना' म्हणणाऱ्यांसाठी. नाही टाकणार. मी सीडी विकत घेतो किंवा पैसे देऊन डाउनलोड घेतो, आणि कॉपी माझ्यापुरती ठेवतो. हॉस्टेलवर असताना मीही पेनड्राइव्ह फिरवलेत, साळसूदपणाचा आव आणत नाही. पण आता पगार येतो, आणि यातले बरेच बँड अजून वाजवतायत. यादी मात्र हवी तेवढी देतो. यादीवर तर आजचा भाग आहे.

एक डिस्क फोनमध्ये येते कशी

पहिलं काम, ही नेमकी कुठली आवृत्ती आहे ते ओळखणं. एकाच नावाचं कम्पायलेशन मेक्सिकोत एक, अर्जेंटिनात दुसरं, अमेरिकेत तिसरं असू शकतं, गाणीसुद्धा वेगळी. कव्हरवर विश्वास ठेवू नका. मागचा बारकोड, कण्यावरचा कॅटलॉग क्रमांक आणि डिस्कच्या आतल्या कडेला कोरलेली अक्षरं बघा. मग डिस्कॉग्ज किंवा म्युझिकब्रेन्झवर ताडून घ्या. हे दोन्ही डेटाबेस जगभरातल्या हौशी लोकांनीच भरलेत.

दुसरं, डिस्कवरून गाणी उतरवणं. साधी कॉपी करणारं सॉफ्टवेअर ओरखडा आला की अंदाजाने पुढे जातं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर परत परत वाचतं, आणि अक्युरेटरिप या यादीशी जुळवून बघतं की इतरांनी याच डिस्कवरून उतरवलेलं आणि आपलं सारखं आहे का. जुळलं की निर्धास्त.

तिसरं, फाइलचा प्रकार. इथे जरा गणित करू. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट. एका तासाची डिस्क म्हणजे साधारण ६३५ एमबी. तीच फ्लॅकमध्ये ठेवली तर आवाजातलं काहीही न गमावता पुष्कळदा ३५० ते ४०० एमबीमध्ये बसते. ३२० च्या एमपीथ्रीत १४४ एमबी, पण त्यात काही माहिती कायमची टाकून दिलेली असते. माझी पद्धत अशी की घरी डिस्कवर फ्लॅक, आणि फोनवर त्यापासून केलेली १२८ ची ओपस फाइल. तासाला ५८ एमबी. २०६ अल्बम बारा जीबीच्या आत बसतात. कानाला फरक मला तरी बसमध्ये कळत नाही. पण उलटा प्रवास होत नाही हे लक्षात ठेवा. लहान फाइलीपासून मोठी चांगली फाइल बनत नाही.

लाइव्ह अल्बमसाठी आणखी एक कारण. सोडा स्टिरिओचा निरोपाचा कार्यक्रम २० सप्टेंबर १९९७ ला रिव्हर प्लेट स्टेडियममध्ये झाला, त्याचे 'एल उल्तिमो कोन्सिएर्तो' या नावाने दोन अल्बम आहेत. एका गाण्याचा जल्लोष पुढच्या गाण्यात वाहत जातो. एमपीथ्री फाइलीच्या सुरुवातीला-शेवटाला एक बारीकशी रिकामी जागा येते, आणि प्लेअरने ती सांभाळली नाही तर गर्दीचा आवाज मध्येच चिरल्यासारखा तुटतो. फ्लॅकमध्ये ती भानगडच नाही.

चौथं, टॅग. कम्पायलेशन जमवणाऱ्यांचं निम्मं रडगाणं इथे असतं. फाइलीत 'कलाकार' आणि 'अल्बमचा कलाकार' अशा दोन वेगळ्या जागा असतात. दुसरी रिकामी राहिली की फोन एका अल्बमचे अठरा तुकडे करतो, प्रत्येक बँडच्या नावाने एक. तिथे 'वारिओस आर्तिस्तास' टाकलं की सगळे परत एका छपराखाली. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे मोफत सॉफ्टवेअर यातलं बरंच काम करून देतं.

एका अक्षराची भानगड

आता माझ्या धंद्यातला, म्हणजे सॉफ्टवेअरमधला, गमतीचा भाग.

जुन्या एमपीथ्री फाइलींमध्ये माहितीला फक्त १२८ बाइट असायचे, आणि नावाला ३०. आता हे नाव बघा: मालदिता वेसिंदाद इ लोस ईहोस देल किंतो पातिओ. 'शापित वेसिंदाद आणि पाचव्या अंगणाची पोरं'. वेसिंदाद म्हणजे मधल्या अंगणाभोवती खोल्या, सगळ्यांत मिळून नळ आणि संडास, अशी मेक्सिकोतली राहण्याची जागा. आपल्याला भाषांतर लागतच नाही, सरळ चाळ! तर या चाळीतल्या पोरांचं नाव तीस अक्षरांत मावत नाही. 'देल' मधल्या पहिल्या अक्षरावर तुटतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जुन्या फाइलींत पोरं होती, अंगण गायब.

मग स्पॅनिशचा 'न्य', म्हणजे डोक्यावर लाटेसारखी खूण असलेला एन. तो युनिकोडमध्ये दोन बाइटचा असतो. प्लेअरने जुन्या पद्धतीने वाचला की एका अक्षराच्या जागी दोन विचित्र चिन्हं येतात. लोक वैतागून खूणच काढून टाकतात. करू नका. 'आन्यो' म्हणजे वर्ष. खूण काढली की 'आनो', म्हणजे शरीराचा असा भाग ज्याचं नाव आपण आजीसमोर घेत नाही.

तिसरी भानगड सगळ्यात छुपी. 'काफे' मधला शेवटचा ई, ज्यावर तिरकी रेघ असते, तो कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर तयार अक्षर, किंवा साधा ई आणि त्याच्यामागे वेगळी रेघ. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. जुने मॅक फाइलींची नावं दुसऱ्या तऱ्हेने ठेवायचे. तिथून कॉपी केली की माझ्याकडे काफे ताकूबाचे दोन फोल्डर, हुबेहूब एकसारखे. मी अर्धी रात्र डोकं खाजवत होतो. आणि मंडळी, हे मराठीतही होतं. 'दुसऱ्या' मधला 'ऱ' एकतर एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता असा. फाइलीच्या नावात 'दुसऱ्या' शोधून सापडत नसेल तर हे कारण असू शकतं. उपाय एकच: सगळी नावं युनिकोडच्या एनएफसी या एका पद्धतीत बदलून घ्यायची. पायथनमध्ये ते एका ओळीचं काम आहे.

शिवाय काफे ताकूबा स्वतःचं नाव 'यू' ऐवजी 'व्ही' घालून लिहितात, कारण त्या नावाचं खरंखुरं जुनं हॉटेल मेक्सिको सिटीत आहे. म्हणजे शोधताना दोन्ही स्पेलिंग टाकायची. आणि 'लोस' ने सुरू होणाऱ्या बँडची रांग तर संपतच नाही. 'लोस' म्हणजे नुसतं इंग्रजीतलं 'द'. क्रम लावायच्या टॅगमध्ये ते मागे टाका, नाहीतर निम्मा संग्रह एका अक्षराखाली जमतो.

माझी चूक

आता ती गोष्ट.

मला हे वेड लागलं ते मेक्सिको सिटीतल्या एका सहकाऱ्यामुळे. आमची रात्र, त्याची सकाळ. प्रॉडक्शनमध्ये काही अडकलं की आम्ही दोघं तासन्‌तास कॉलवर, आणि काम संपेपर्यंत तो मागे गाणी लावायचा. २०२२ मध्ये आमच्या टीममधलं कुणीतरी तिकडे गेलं होतं, त्यांच्याबरोबर त्याने माझ्यासाठी एक सीडी पाठवली. विकतची नव्हे. त्याच्या मोठ्या भावाने २००१ साली घरी रेकॉर्ड केलेली. चोपोच्या बाजारात शनिवार-शनिवार फिरून मिळवलेल्या कॅसेटी आणि डिस्कवरून निवडलेली एकोणीस गाणी. आत हाताने लिहिलेला कागद, घडी घातलेला. मी कव्हरचा आणि कागदाचा फोटो काढून त्याला 'मिळाली' म्हणून पाठवला. त्याच रात्री डिस्क उतरवून घेतली.

पुढच्या वर्षी घर बदललं. सामानात ती डिस्क कुठे गेली, कळलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, कॉपी आहे ना.

काही महिन्यांनी फोनची जागा भरली. मी फोनवरून एक्केचाळीस अल्बम उडवले. मला वाटलं, लॅपटॉपवर आहेतच. पण मी स्वतःच लावून ठेवलेलं सिंक दोन्ही बाजूंचं होतं. इकडे उडवलं की तिकडेही उडतं. आठ महिने जुनी बॅकअप डिस्क काढली. चाळीस अल्बम त्यात होते. ती घरगुती सीडी मात्र चुकीच्या फोल्डरमध्ये टाकलेली, आणि तो फोल्डर बॅकअपमध्ये घेतलाच नव्हता. रोज लोकांच्या सर्व्हरचे बॅकअप बघणारा माणूस मी. हसू नका.

आता तुम्ही म्हणाल, त्यातली गाणी तर दुसरीकडे मिळतीलच. मिळतील. विकतचं कम्पायलेशन असतं तर यादीही डेटाबेसमध्ये मिळाली असती. पण ही यादी जगात दोनच ठिकाणी होती, त्या कागदावर आणि माझ्या फाइलींच्या नावात. गाणी हरवली नव्हती, क्रम हरवला होता. आणि कम्पायलेशनमध्ये क्रम सोडला तर त्या माणसाचं दुसरं असतं काय? गाणी तर बँडची असतात.

चॅटमध्ये तो फोटो सापडला. झूम करून वाचत बसलो. सतरा गाणी लागली. घडीत दोन ओळी दुमडल्या होत्या, नववी आणि चौदावी. सहकाऱ्याला सांगायचं म्हणजे लाज वाटत होती, दोन दिवस सांगितलंच नाही. शेवटी सांगितलं. तो रागावला नाही, भावाला विचारतो म्हणाला. भावाने नववं बरोबर सांगितलं, वर ते गाणं तिथे का ठेवलं तेही सांगितलं. चौदावं त्याला आठवेना. बावीस वर्षं झाली होती.

ती यादी मी परत लावलीय. चौदावी जागा अजून रिकामी आहे.

सुरुवात करायची असेल तर

यातून मी बदललेल्या चार गोष्टी सांगतो. स्पॅनिश रॉक नसेल जमवायचं, तरी चालेल.

एक, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक चूकसुद्धा इमानदारीने दुसरीकडे पोचवतं. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

दोन, फ्लॅक फाइलीच्या आत मूळ आवाजाचा एक पडताळणी क्रमांक साठवलेला असतो. वर्षातून एकदा टेस्ट चालवा, कुठली फाइल आतून सडलीय ते कळतं. बॅकअप आहे म्हणजे तो चांगला आहे असं नाही.

तीन, प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. गाण्यांचा क्रम, बँड, कॅटलॉग क्रमांक, डिस्क कुणाकडून कधी मिळाली. दोन केबीची फाइल. माझ्या सगळ्या २०६ अल्बमच्या याद्या मिळून एका फोटोपेक्षा कमी जागा घेतात. त्या मी स्वतःला ईमेलही करून ठेवतो.

चार, हाताने लिहिलेलं काही असेल तर घडी पूर्ण उघडून, सपाट ठेवून, उजेडात फोटो काढा.

ऐकायला कुठून लागायचं? माझा सल्ला: आधी 'वासोस वासिओस'. मग सोडा स्टिरिओचे 'एल उल्तिमो कोन्सिएर्तो' चे दोन्ही भाग. मग १९९८ मध्ये रॉकवाल्यांनी मेक्सिकोचे लाडके गायक होसे होसे यांना वाहिलेला ट्रिब्यूट अल्बम. त्यात आई-वडिलांच्या पिढीची रडकी गाणी पोरांनी आपल्या पद्धतीने गायलीत, मजा येते. आणि मग 'रॉक एन तू इदिओमा'च्या याद्या डेटाबेसमध्ये शोधून, एकेक गाणं क्रमाने लावून ऐका. क्रमानेच. शफल बंद.

आणि घरी कपाटात कुणी हाताने नावं लिहिलेली कॅसेट असेल ना, आत्याची, मामाची, कुणाचीही, तर वाजवायला टेपरेकॉर्डर नसला तरी आज तिच्या कागदाचा फोटो काढा. ज्याने ती भरली त्याला विचारा, हे गाणं इथे का ठेवलं. अजून त्यांना आठवत असेल तोवर.

पुढच्या भागात भेटू. तोवर शफल बंद, बॅकअप चालू. काळजी घ्या!